सहा मुलांची मावशी

फॉर्ममध्ये रकाने तीनच आहेत. नाव, पाल्याची इयत्ता, आणि 'मागील कार्यकाळात शाळेसाठी केलेले कार्य'. पहिले दोन एका मिनिटात भरून झाले. तिसऱ्याशी आठवडाभर झटतोय. उठतो, बाल्कनीत जातो, दुबईच्या दिशेने तुंबलेल्या गाड्या बघतो, परत येऊन बसतो. पेनाचं टोपण चावून चावून पांढरं झालंय.

"अहो, दोन बस आणल्यात ना? मग लिहा, दोन बस आणल्या," बायको म्हणते. "एवढं काय त्यात?"

तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

आमच्या मुलीच्या शाळेत दर दोन वर्षांनी पालक मत देऊन दोन पालक प्रतिनिधी निवडतात आणि ते व्यवस्थापन समितीवर जाऊन बसतात. मागच्या खेपेला मी उभा राहिलो. खरं तर मी उभा राहणाऱ्यातला माणूस नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे फोटो काढून घेतात तेव्हा खुर्च्या रचून ठेवणारा मी. नोकरी शिपिंग कंपनीत, कामसुद्धा कागदांचं. माणसांशी बोलायची वेळ कमी येते. पण शाळेची बस मुलीला सकाळी पावणेसहाला उचलायची. शाळा वीस मिनिटांवर. ती बस अख्ख्या अल नहदा वस्तीतले टॉवर हिंडून सव्वासातला पोचायची. मुलगी काचेला डोकं टेकून झोपायची. एकदा युनिफॉर्मवर उलटी घेऊन दिवसभर वर्गात बसली. मी शाळेला मेल लिहिला. मग दुसरा, तिसरा. लिफ्टमध्ये लोक थांबवून म्हणायला लागले, "तुम्हीच लिहा हो, तुम्हाला बरोबर जमतं." व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मेलखाली तीस-तीस अंगठे पडायचे.

मला ते आवडायला लागलं. हे आधीच सांगून टाकतो.

बसला कंटाळून लोकांनी मुलं काढून घेतली होती आणि कारलिफ्टला लावली होती. कारलिफ्ट म्हणजे कुणीतरी स्वतःच्या गाडीतून इतरांची मुलं ने-आण करायची आणि महिन्याला काहीतरी घ्यायचं. परवाना नसतो. कायद्यात बसत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते कुणी कुठे लिहीत नाही. ग्रुपवरसुद्धा नाही. 

आमच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर एक वहिनी राहायच्या. चिपळूणकडच्या. नवरा साइटवर फोरमन. त्यांची सात सीटची जुनी पांढरी गाडी होती. त्यात त्यांचा मुलगा आणि इतरांची पाच, अशी सहा मुलं. आमची मुलगी त्यातली एक. पहिल्या दिवशीच त्यांनी मुलांना शिकवून ठेवलं होतं: "कोणी विचारलं तर काय सांगायचं? ही माझी मावशी." एक मल्याळी, दोघे गुजराती, एक लखनौकडचा, सगळे शाळेच्या वॉचमनला छाती पुढे काढून सांगायचे, "शी इज माय मावशी." गेटवरचा नेपाळी वॉचमन हसायचा. "मावशी का फॅमिली बहुत बडा है," म्हणायचा आणि गेट उघडायचा.

नवऱ्याच्या पगारात इथे संसार भागत नव्हता. त्या गाडीमुळे भागत होता. वहिनी हे कधी लपवायच्या नाहीत. "भावजी, ही गाडी आहे म्हणून आम्ही तिघं एका घरात राहतो. नाहीतर मी नि पोरगा गावी, आणि हे लेबर कॅम्पात."

जादा बसच्या मागणीला समितीचं उत्तर आलं होतं, की मागणीच नाही. आहे ती बससुद्धा अर्धी रिकामी धावते. पुरावा हवा होता. मुलं बसमध्ये नाहीत मग जातात कशी, हे दाखवायला हवं होतं. उमेदवारांनी निवेदनासोबत कागदपत्रं जोडायची होती, म्हणून मी वार्षिक रजेतले सहा दिवस काढले, त्या वर्षी गावी गेलो नाही, आणि सुटीच्या वेळी शाळेसमोरच्या कॅफेटेरियात करक चहा घेऊन बसू लागलो. फोन मांडीवर. मागच्या गेटला उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे फोटो काढले.

आठ फोटो निवडले. सात फोटोंत नंबर प्लेटवर काळी चौकट टाकली. आठव्यातली चौकट राहून गेली.

'राहून गेली' हा शब्द मी दोन वर्षं स्वतःशी वापरतोय. तो खोटा आहे.

आठवा फोटो वहिनींच्या गाडीचा. मागचं दार वर उघडलेलं, पाच मुलं दप्तरं आत फेकतायत, वहिनी एकाच्या बुटाची लेस बांधतायत. असा फोटो पुन्हा मिळाला नसता. मी त्यावरही चौकट टाकली होती. मग मागे टेकून बघितलं, तर ती कुणाच्याही घरची गाडी वाटत होती. चुलत-मावस भावंडं असतील, कोण म्हणणार नाही? नंबर दिसला तर शाळेच्या ऑफिसात लगेच जुळवता येईल, की गाडी एका पालकाची आणि मुलं पाच घरांची. पुरावा पक्का झाला असता. मी चौकट काढली. मग पुन्हा टाकली. मग काढली आणि फाइल पाठवून दिली.

आणि त्याहून वाईट ते हे. त्या फोटोत मुलं पाच आहेत. सहावी आमची. सहा दिवसांत वहिनींची गाडी मला रोज दिसत होती, मी फोटो काढत नव्हतो. चौथ्या दिवशी मुलीला ताप आला. सकाळी सातव्या मजल्यावरून वहिनी स्वतः पेजेचा डबा घेऊन आल्या, वर मेतकूट. "गरम आहे तोवर द्या, भावजी. आज गाडीत एक जागा रिकामी, मला करमायचं नाही." ती पेज मी मुलीला चमच्याने भरवली. आणि दीड वाजता कॅफेटेरियात जाऊन बसलो, कारण आज आमची मुलगी फोटोत येणार नव्हती.

मतदान शनिवारी होतं. आमच्या टॉवरमधले पुरुष बरेचसे ड्युटीवर, बायकांकडे गाडी नाही. वहिनींनी तीन फेऱ्या मारल्या. "यल्ला, यल्ला, भावजींना मत द्यायचं ना, उतरा पटापट!" मला गेटकडून ऐकू येत होतं. मी हॉलच्या दारात हात जोडून उभा होतो. हरलेल्या उमेदवारापेक्षा माझी मतं किती जास्त होती ते आठवत नाही, पण वहिनींच्या तीन फेऱ्यांपेक्षा जास्त नव्हती एवढं आठवतं.

बुधवारी शाळेचं परिपत्रक आलं. यापुढे मुलं फक्त स्वतःच्या पालकांच्या किंवा शाळेच्या बसच्या ताब्यात दिली जातील. गेटवर गाड्यांची यादी असेल. त्या दुपारी वॉचमनच्या हातात कागद होता. त्याने वहिनींचा मुलगा तेवढा सोडला. बाकीची मुलं दप्तरं घेऊन कठड्यावर बसून राहिली, आईबापांना फोन गेले. मी ऑफिसातून तसाच निघून पोचलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, वॉचमन आस्क्ड अँड आय सेड शी इज माय मावशी. ही डिडन्ट लाफ."

गुरुवारी वहिनी घरी आल्या. हातात ओल्या नारळाच्या वड्या. अभिनंदन करायला.

"गोड खा आधी," म्हणाल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भावजी, गाडी यांच्या नावावर आहे, आमचे व्हिसा यांच्यावर. नंबर पोलिसात गेला तर काय, या भीतीने कालपासून हे जेवले नाहीत. आता तुम्हीच आत आहात. तेवढं शब्द टाका माझ्यासाठी."

मी म्हणालो, "इन्शाल्ला. बघतो."

इथे राहून इतकी वर्षं झाली. या शब्दाचा 'नाही' कसा करायचा हे मला नीट येतं. वहिनींनी मात्र त्याचा खरा अर्थ घेतला आणि हसून खाली गेल्या.

पहिल्या मीटिंगला पडद्यावर माझे फोटो लागले. अध्यक्ष म्हणाले, नव्या सदस्यांनी अतिशय अभ्यासपूर्ण काम केलंय. आठवा फोटो आला. एका बाईंनी विचारलं, "हू इज धिस लेडी? डू यू नो हर?" सगळे माझ्याकडे वळले. 

"नो," मी म्हणालो. "आय डोन्ट नो हर."

पेजेचा डबा तेव्हा आमच्या ओट्यावर होता. परत द्यायचा राहिला होता. तो मात्र खरंच राहिला होता.

दोन बस मंजूर झाल्या. मार्चअखेर शाळा संपली आणि वहिनी मुलाला घेऊन गावी गेल्या. गाडी विकली. नवरा दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत सहा जणांच्या खोलीत राहायला गेला. एप्रिलपासून आमची मुलगी सहा पस्तीसला खाली उतरते. टॉवरमधले लोक लिफ्टमध्ये माझा हात हातात घेतात. मुलगी एकदाच बोलली होती, "यू आर ऑन द कमिटी, बाबा. कुडन्ट यू डू समथिंग फॉर मावशी?" मी म्हणालो, नियम आहे बाळा. त्यानंतर तिने विचारलं नाही. मी मात्र सुटीच्या दिवशी घरात थांबेनासा झालो. काहीतरी आणायचंय म्हणून गाडी काढतो आणि काही न आणता परत येतो.

मागच्या शुक्रवारी असाच इंटरनॅशनल सिटीपर्यंत गेलो. पडद्याचे रॉड घ्यायचे, असं बायकोला सांगितलं होतं. वहिनींच्या नवऱ्याला फोन केला. ते खाली आले, चहा सांगितला.

"दादा, परत उभे राहताय ना? राहा. तुमच्यामुळे बस आली. आमचं आमच्या नशिबाने गेलं."

त्या शेवटच्या वाक्याने माझं तोंड उघडलं. फोटो, चौकट, ताप, सगळं सांगितलं. ते चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"मला नका सांगू," शेवटी म्हणाले. "गाडी नावावर माझ्या होती. चालवायची ती." आणि त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला.

"अगो बाई, भावजी!" वहिनी अंगणात होत्या, हात पिठाचे. "लेक कशी आहे? उंच झाली का?"

"वहिनी, तिला ताप आला होता तो दिवस आठवतो? तुम्ही पेज आणली होती."

"आठवतो की. डबा तुमच्याकडेच आहे माझा."

मी सगळं सांगितलं, तिसऱ्या रकान्यात अडकलेल्या फॉर्मपर्यंत. बोलताना त्यांच्याकडे बघायचं असं ठरवलं होतं, पण बघत होतो कोपऱ्यातल्या माझ्याच छोट्या चेहऱ्याकडे.

"नंबर चुकून राहिला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. काळा केला होता. मग काढला."

त्यांच्या मागे कुणीतरी हातपंप मारत होतं. त्यांनी हातावरचं पीठ पदराला पुसलं.

"दोन वर्षं मी त्या वॉचमनला शिव्या घालते हो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "यादी त्याच्या हातात बघितली ना. म्हटलं, रोज हसायचा आणि यानेच नंबर दिला. शेवटच्या दिवशी त्याने हात जोडले तर मी काच वर केली. आहे का तो अजून तिथे?"

"आहे."

"मग आधी त्याला सांगा."

"वहिनी, मी माफी—"

"माझं नंतर बघू. आधी त्याला सांगा. आणि तुमच्या त्या फॉर्मात लिहा. मावशी म्हणून लिहा, नाव नको." मग जरा थांबून, "यांना द्या फोन."

सोमवारी मी मागच्या गेटला गेलो. माझ्या दोन बस उभ्या होत्या. वॉचमनला बाजूला घेऊन मोडक्या हिंदीत सांगितलं, की सफेद गाडीवाल्या मावशीचा नंबर मी दिला होता, तिला वाटलं तू दिलास. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"इसलिए शीशा चढ़ाया था?" तो म्हणाला. "मैं सोचता था, साब, मेरे से क्या गलती हो गया."

"तुमसे नहीं. मेरे से."

 बसचा हॉर्न वाजला, तसा तो गेट उघडायला गेला. माझ्याकडे बघून हसला नाही.

फॉर्म द्यायची मुदत उद्यापर्यंत आहे. तिसऱ्या रकान्यात चार ओळींची जागा आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, दोन बस आणल्या. पुढच्या तीन ओळींत, कशा आणल्या ते. बायकोने चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली. आता वरच्या फळीवर भांड्यांचा आवाज येतोय. ती पेजेचा डबा शोधतेय.