कच्चा गणपती, कंपनीचे डोळे

आमचा कॉम्प्युटर क्लास रोह्याला. मी पेणहून गाडीने जायचो आणि सर यायच्या आत त्यांची नक्कल करून पोरांना हसवायचो. आवाज नाकातनं काढायचा : "फुकट म्हणजे फालतू नव्हे, समजलं का?"

असं ते लिनक्सबद्दल म्हणायचे, म्हणजे ज्याच्यावर कॉम्प्युटर चालतो त्या सॉफ्टवेअरबद्दल. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कोणीही घ्या. त्याची सीडी त्यांनी एका मित्राकडून आणलेली. पण मशीनवर टाकलं की नुसती काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. चित्रं नाय, खिडक्या नाय, माऊस तर मेलेलाच. आणि मंगळवारी धाटावच्या एका फॅक्टरीचे साहेब बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर त्यांचे सगळे क्लार्क आमच्याकडे शिकायला. नाय आवडलं तर क्लासला टाळं, सर परत टायपिंग शिकवायला मोकळे.

कपाटात दुसरी सीडी होती, एका मासिकाबरोबर आलेली. लिनक्सच, पण एका कंपनीने सजवून, आपलं नाव टाकून बाजारात आणलेलं. सर तिला हात लावेनात.

"लोकांनी बनवायचं आणि कंपनीने शिक्का मारायचा? हॅट!"

नेमकी त्या "हॅट"ची नक्कल करताना मी सापडलो.

"आता माझ्यासमोर बोल," सर म्हणाले.

घाबरून तोंडाला आलं ते बोललो, "सर, आमच्या पेणच्या कारखान्यातनं गणपती कच्चे जातात, पांढरे. मुंबईवाला रंगवतो, वर त्याच्या दुकानाचं नाव. बाबा कधी चिडले नाय. त्याला एवढंच विचारतात, डोळे नीट आखले ना? बिनडोळ्यांचा गणपती कोण नेतोय घरी?"

सरांनी कपाटाकडे बोट केलं. "आण ती सीडी."

मशीनमध्ये काय काय बसवलंय ते त्या सीडीने आपलं आपण ओळखलं. खिडक्या उघडल्या, माऊस पळाला.

"आखले गो डोळे!" मी कारखान्यातल्या मावशीच्या आवाजात ओरडलो. सरसुद्धा हसले.

मंगळवारी साहेब आले. खिडक्या बघितल्याच नाय, कोपऱ्यातलं नाव वाचलं. "कंपनीचं आहे होय! मग भरवशाचं."

सरांचं तोंड कारल्यासारखं झालं. "साहेब, हीच सीडी तुमच्या सगळ्या मशीनवर टाका. कोणी विचारणार नाय."

साहेबांनी हळूच दाराकडे बघितलं. "चोरी नाय ना ही?"

"नाय हो. माल लोकांचा, कंपनीने फक्त डोळे आखलेत."

माझं वाक्य! सरळ ढापलं!

पुढच्या आठवड्यात क्लार्क आले. सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना तेच ऐकवलं, जसं काय स्वतःलाच सुचलेलं. मी चिडलो नाय. मागच्या बाकावरनं एवढंच म्हटलं, "सर, जरा नाकातनं!"