सुंभाने बांधलेले पुस्तक

आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटे आहेत. एकात माझे कवितासंग्रह, दुसऱ्यात यांची इंजिने. मोटारींचा इतिहास, विमानांचा, जहाजांच्या डिझेलचा. मुंबईच्या फुटपाथवरून एकेक करून आणलेली जाड इंग्रजी पुस्तके. किहीमची खारी हवा गुळगुळीत कागदाला मानवत नाही. कपाट उघडले की डांबरगोळ्यांचा आणि ओलीचा वास अंगावर येतो, आणि चिकटू पाहणारी पाने सुटताना चर्र असा लहानसा आवाज होतो. तो आता या घरात फक्त मला ऐकू येतो.

हे न्हावा शेव्याच्या बंदरात, मोठी जहाजे ओढणाऱ्या टगबोटीच्या इंजिनरूममध्ये कामाला होते. तिथल्या धडाक्याने आधी यांच्या कानांतली पाखरे नेली, मग दारावरची थाप, मग माझा आवाज. कानाला यंत्र लावून पाहिले, उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी पाटीवर लिहिते आणि हे बोलतात, गरजेपेक्षा मोठ्याने, वाऱ्याच्या तोंडावर ओरडल्यासारखे.

पुस्तके मात्र त्यांना ऐकू येत. चित्र समोर धरले की मान ठेक्यात हलू लागे. "ही फटफटी बघ. चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकायची." पिस्टन, झडपा, उभी चिरून दाखवलेली ती यंत्रे मला सापळ्यांसारखी दिसत. त्यांच्यासाठी ती चालू होती.

गेल्या भाद्रपदात ओटीवर पाने उलटताना त्यांचा हात थांबला.

"हे बंद पडलं."

‘काय?’ मी पाटीवर लिहिले.

"हे इंजिन. परवापर्यंत ऐकू येत होतं. आता नुसती शिटी."

कानात अहोरात्र वाजणारी ती शिटी आता आठवणीतले आवाजही खाऊ लागली होती. मग अधूनमधून एकेक चित्र मुके होत गेले. पंख्यांची विमाने गेली, वाफेची इंजिने गेली, फटफटीही गेली. प्रत्येक वेळी हे पुस्तक मिटून, घरात कुणी गेल्याचे सांगावे तसे सांगत.

एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे पेन्सिल धरली. "तू कविता करतेस ना? मग लिही इथे, समासात. याचा आवाज कसा असतो?"

चित्रात सावकाश चालणारे एक जुने डिझेल होते. बऱ्याच वेळाने मी लिहिले: ‘ठक्. मग विहिरीच्या तळाशी असते तेवढी शांतता. मग पुन्हा ठक्.’

त्यांनी दोनदा वाचले. "छान आहे गं. पण ऐकू नाही येत."

शेवटी तेच म्हणाले, "आगरदांड्याला जाऊ. दिघीच्या फेरीबोटीत इंजिनाजवळ उभा राहतो. कानातून नाही तर अंगातून जाईल आत." मांडव्याचा धक्का जवळ होता, पण तिथल्या बोटीत माणसांना वर काचेआड बसवतात, हे त्यांना पसंत नव्हते.

बोटीत चढताच त्यांनी इंजिनावरच्या पत्र्याला दोन्ही तळवे लावले. तिकिटे फाडणारा माणूस धावत आला. "काका, हितं नका उभं राहू, कान फुटतील!"

"काय म्हणतोय?"

मी पाटीवर लिहिले. हे इतक्या मोठ्याने हसले की मोटारसायकलींवर बसलेली माणसे वळून पाहू लागली. "सांग त्याला, ते काम आधीच झालंय!"

"मंग ऱ्हावा खुशाल," तो म्हणाला. "हितलं तिकीट येगळं न्हाय."

मग त्यांनी पत्र्याला कपाळही टेकले. डिझेलचा आणि खाडीच्या चिखलाचा उग्र वास होता. धडधड माझ्या दातांत उतरली होती. मला इतके ऐकू येत होते की लाज वाटली. दिघीचा धक्का आला तेव्हा त्यांनी मान वर केली. कपाळावर गंज लागला होता.

"थंडी भरल्यासारखं थरथरतंय. इंजिन नाही त्यात."

घरी येऊन त्यांनी एक पुस्तक काढले आणि सुंभाने घट्ट बांधले. त्यांच्या टगबोटीचे इंजिन त्यात होते. "हे पान आता उघडायचं नाही. तेवढं एक चालू आहे असं समजू."

हिवाळाभर मी कपाट पुसत राहिले, त्या गाठीला हात न लावता.

चैत्रात परसात गेले तर कारल्याचा वेल मांडवाला बांधलेला. सुंभ ओळखीचे होते. पुस्तकाच्या कोपऱ्यांवर मुडपल्याच्या खुणा त्यात अजून होत्या. आत येऊन कपाट उघडले. पुस्तक जागेवर होते, मोकळे. त्यांनी ते पान उघडून पाहिले होते, आणि मला काही सांगितले नव्हते.

पाटी हातात घेतली. विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

बाहेर विहिरीवरचा पंप चालू होता. टाकी भरून पाणी केळींच्या आळ्यातून वाहून चालले होते, आणि हे तिकडे पाठ करून कारल्याची पिवळी पाने खुडत होते. मी जाऊन बटण बंद केले.