माझ्या फाईलवर कैलासचा फोटो

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर वाचून हसते. नवरा एकलहऱ्याला वीजकेंद्रात, मी सॉफ्टवेअरमध्ये — आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकाला येते. त्यामुळे आज हे लिहायला बसले याचं मलाच नवल वाटतंय. पण ज्याला सांगावं तो 'योगायोग' म्हणून मोकळा होतो, आणि ते काही माझ्या घशाखाली उतरत नाही... म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. आम्ही सात-आठ जण. काम म्हणजे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर. खोलीतलं तापमान चढलं की मालकाच्या फोनवर अलार्म वाजतो. त्या अलार्मचा सगळा कोड माझा, पहिल्या ओळीपासून मी लिहिलेला. लग्नाच्या आधीपासून मी तिथे आहे. अलार्मचं काही अडलं की सगळे खुर्ची फिरवून माझ्याकडे बघायचे — 'मीनलताईंना विचारा.' एवढं ऐकायला मी रोज ऑफिसला जायचे म्हणा ना. दुसरं मला काही नको होतं.

आणि मग कैलास आला.

सुरगाण्याकडचा मुलगा, पंचविशीचा. नम्र, अबोल वगैरे अजिबात नाही. मोठ्यानं हसणार, कोणाच्याही डब्यात हात घालणार, ऑफिसच्या अकाउंटला गॉगल लावलेला फोटो टाकणार. त्यात एक भयंकर सवय — कोड मोठ्यानं वाचायचा, तोही सुरात, भजन म्हटल्यासारखा. 'सेन्सरचा आकडा नाही आलाऽऽ... तर थांब... पुन्हा बघ... तरी नाही आला... तर कळव...' माझं डोकं उठायचं. पण बाकी सगळ्यांचा लाडका. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत बसले की माझ्या पोटात दुखायचं. आणि तो हुशार होता हो. नुसता बडबड्या असता तर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. त्यातच सर म्हणाले होते की द्राक्षाचा सीझन झाला की एकाला टीम लीड करणार. मी किंवा कैलास, हे सगळ्यांना दिसतच होतं.

आता मूळ मुद्दा. कोड शोधायला आमच्याकडे एक टूल आहे. इतक्या फाईलींमधून एखादी गोष्ट कुठे लिहिली आहे, कुठे कुठे वापरली आहे, ते क्लिक केलं की थेट तिथे नेऊन सोडतं. त्यात नवीन फीचर्स आली. साध्या वाक्यात विचारलं तरी शोधून देतं, कुठली ओळ कोणी बदलली ते शेजारी दाखवतं... आणि एक फीचर असं, की फाईल उघडली की उजव्या कोपऱ्यात एका माणसाचा गोल फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं — या कोडबद्दल यांना विचारा.

सरांनी सगळ्यांना मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं आणि दाखवायला म्हणून मुद्दाम माझी अलार्मची फाईल उघडली. मी केस सारखे केले, खोटं कशाला बोलू. आणि कोपऱ्यात आला — गॉगल!

सगळं ऑफिस हसलं. कैलासनं उठून हात जोडले, निवडून आल्यासारखे. माझ्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. जागेवर जाऊन मी त्या फाईलचा सगळा इतिहास उघडला. ओळ न् ओळ माझी, दुसऱ्या कोणाचा हात नाही. म्हटलं, हा माझ्या नकळत रोज फाईल उघडून वाचत असणार. चहाच्या वेळी सरळ विचारलंच त्याला.

"आईशप्पथ ताई, उघडलेली पण नाय," तो म्हणाला. "तुमच्या फाईलला हात लावायची कोणाची टाप आहे इथं?"

टूलवाल्या कंपनीला मेल केला. त्यांचं उत्तर आलं, की कोड कोणी लिहिला आणि कोणी सारखा उघडला यावरून नाव येतं, तुमच्या रेकॉर्डप्रमाणे त्या फाईलवर तुमचंच नाव यायला हवं, बघून कळवतो. ते बघणं अजून चालूच आहे.

पुढच्याच आठवड्यात माझं पोट खरोखरचं दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले, ताबडतोब ऑपरेशन. तीन आठवडे मी घरी, आणि नेमका तेव्हा ऐन सीझनमध्ये एका कोल्ड स्टोरेजचा अलार्म अडला. कैलास बसला माझ्या फाईलमध्ये. त्यानं तो दुरुस्त केला, आणि फार चांगला केला, याचाच जास्त त्रास झाला. मी परत आले तर खुर्च्या त्याच्याकडे फिरायला लागल्या होत्या. 'कैलासला विचार.' माझ्या देखत! त्या कोपऱ्यात जे आधी दिसलं होतं ते आता खरं झालं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो वरणभात कालवत म्हणाला, योगायोग. मग मीही तसंच धरून चालले, पण आतून नुसती धुमसत होते. त्याच्या हसण्याचा राग, त्याच्या गॉगलचा राग, डब्यातली भाजी संपवली त्याचा राग.

पावसाळा लागला. सरांनी अजून लीडचं नाव सांगितलं नव्हतं. एके दिवशी सकाळी कशासाठी तरी मी कैलासची एक फाईल उघडली. सेन्सरवरून आकडे वाचायचा कोड, पूर्ण त्याचा. कोपऱ्यात माझा फोटो. मला वाटलं चुकून आला. दुसरी फाईल उघडली — मी. तिसरी — मी. त्यानं लिहिलेली जी म्हणून फाईल उघडली तिथे मीच, यातल्या अर्ध्याअधिक फाईली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हा काही योगायोग वगैरे सुचलं नाही. खाली जाऊन गरम जिलबी घेऊन आले, सगळ्यांना वाटली आणि सगळ्यांसमोर कैलासला त्याच्याच फाईली एकेक करून दाखवल्या.

तो बोटांवरचा पाक चाटत बघत राहिला. मग हसला.

"बरं झालं ताई. सुटलो मी. आता सगळं तुम्हालाच विचारतील."

दुसऱ्या दिवशी तो भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, गावी गेला. घाटात जीप उलटली. बाकीचे वाचले, कैलास गेला. सरांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी जळली तरी मी तशीच उभी. मला सारखी ती जिलबी आठवत होती.

मग काय... मी टीम लीड झाले. कैलासची प्रत्येक फाईल माझ्याकडे आली, कारण घेणारं दुसरं कोणी नव्हतंच. कोपऱ्यातला शब्द न् शब्द खरा झाला. सरांनी त्याचं अकाउंट माझ्यासमोर बंद केलं. आणि ऐका, इतकं होऊनही माझी जळजळ काही गेली नाही. काही अडलं की कोणीतरी हळूच म्हणायचं, कैलास असता तर चुटकीसरशी केलं असतं. गेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तो तर चुकतही नाही आता.

पुढच्या सीझनच्या तोंडावर मी एक नवीन काम हातात घेतलं. वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर मालकाला फोन जायला हवा. कोरी फाईल, सगळी माझ्या हातची, कैलास गेल्यानंतर लिहिलेली. पण टेस्ट करायला गेलं की अलार्म वाजेचना. दोन दिवस डोकं फोडलं. सर येऊन बघून गेले, आणि त्यांच्या मनात कोणाचं नाव आलं ते मला कळलं. ज्या कोल्ड स्टोरेजसाठी हे करत होते तिथे माल भरायला सुरुवातही झाली होती.

दुपारची जेवणं झाली होती, ऑफिस भरलेलं. मी फाईल पुन्हा उघडली आणि उजव्या कोपऱ्यात... गॉगल. कैलास. या कोडबद्दल यांना विचारा.

भीती वाटायला हवी होती ना? मला राग आला. डोक्यात तिडीक गेली अक्षरशः. पहिलं काय केलं असेल, तर सरांची केबिन आहे त्या बाजूला आडोसा करून बसले, त्यांना स्क्रीन दिसू नये म्हणून.

"हे तरी माझं राहू दे ना रे," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले असणार, कारण शेजारच्या मुलीनं मान वळवली.

आता तिला काय सांगणार? वेळ मारून न्यायला मी कोड वाचतेय असं दाखवत मोठ्यानं वाचायला लागले. आणि आवाज लागला तो त्याच्या सुरात, मी ठरवलं नव्हतं. 'वीज गेलीऽऽ... तर थांब... जनरेटर चालू झाला... तर थांब... नाही झाला... तर थांब...'

तिथेच मी थबकले. तिन्हीकडे थांबच! फोन लाव म्हणून मी कुठे सांगितलंच नव्हतं. दोन दिवस डोळ्यांनी बघत होते आणि दिसलं नव्हतं. कानांनी ऐकल्यावर कळलं. एक ओळ घातली, टेस्ट लावली आणि टेबलावरचा फोन थरथरत वाजायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कोपऱ्यात बघितलं तर तिथे माझा फोटो होता.

नंतर सगळं तपासलं. त्याचं अकाउंट बंदच आहे. टूलच्या रेकॉर्डमध्ये त्या फाईलवर त्याचं नाव कधी आल्याची नोंद नाही. नवरा म्हणतो, थकली होतीस, भास झाला. असेल. मग आधीच्या दोन वेळचं काय, ते तर सगळ्या ऑफिसनं पाहिलंय. मला उत्तर माहीत नाही, तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

सरांनी त्या दिवशी विचारलं होतं, चूक सापडली कशी. मी म्हटलं, वाचता वाचता दिसली. गॉगलचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते डोळे पुसतील आणि म्हणतील, बघ मीनल, अजून त्यालाच विचारावं लागतंय.

आणि ते ऐकायची माझी अजून तयारी नाही.