सपाट बशा

मातीची भांडी करायला लागले तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि जगाला काहीतरी शिकवायचं राहून गेलंय अशी माझी समजूत होती. मंठ्याच्या आमच्या घरामागे एक खोली होती, पूर्वी कडब्याची. पुण्याला पंधरा दिवसांचा वर्ग करून आले आणि तिथं विजेवरचं चाक आणि छोटी भट्टी मांडली. दाराला पडदासुद्धा लावला. कलाकाराच्या खोलीला पडदा असतो, हे मी कुठून शिकले होते देव जाणे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना त्या खोलीत सोयाबीनची पोती ठेवायची होती. चार महिने त्यांनी पाहिलं आणि एक दिवस पडदा बाजूला सारला. "काय करून राह्यली गं एवढी? दिवाळीपर्यंत घरात चालंल असं एक तरी भांडं दाखव. न्हाई तर खोली खाली कर."

खोली गेली असती तर सगळंच गेलं असतं. भट्टी काही स्वयंपाकघरात मांडता येत नाही. मी सहा कपबशा करायला घेतल्या. कप बरे झाले. बशा मात्र मुद्दाम सपाट केल्या, ताटलीसारख्या. कारण मधोमध बाभळीच्या फुलांची डहाळी रंगवायची होती आणि खोलगट बशीत ब्रश नीट फिरत नाही. एक भाजणी झाल्यावर आठ दिवस पिवळे गोळे काढत बसले. मग वरून काचेसारखा लेप, पुन्हा भट्टी. एकही बशी तडकली नाही. मी नवऱ्याला प्रत्येक बशी वेगळी दाखवली. तो पेपरामागून "वा" म्हणाला. सहा वेळा.

दिवाळीला पंधरा दिवस असताना आत्याबाईंचे भाऊ आष्टीहून आले. मामांना चहा मी माझ्याच कपबशीत नेला. त्यांनी कप उचलला, बशीत चहा ओतला, बशी तोंडाकडे नेली. चहा फुलांवरून दोन्ही बाजूंनी निघाला, तो थेट पांढऱ्या धोतरावर.

मामा ताडकन उठले. "सूनबाई, ही बशी हाय का पोळपाट?"

एखादी फडकं आणायला धावली असती. मी म्हणाले, "मामा, चहा कपातूनच प्यायचा असतो."

"मंग बशी कशाला दिली?"

त्याच सकाळचा माझा चहा मीही बशीतच ओतून प्यायले होते. घरातल्या जुन्या बशीत.

आत्याबाईंनी धोतर धुवायला टाकलं आणि एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस हायेत अजून."

मी त्यांची रोजची बशी मागून आणली. तिच्यात पाणी भरून मोजलं. बरोबर अर्धा कप मावलं. काठ वर उचललेला होता, पिताना ओघळू नये म्हणून. चाळीस वर्षं हातात घेतलेली वस्तू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. भाजल्यावर माती आक्रसते, म्हणून माझी बशी थोडी मोठी घेतली. एकच केली. फुलं खालच्या अंगाला गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आत्याबाईंनी तिच्यात चहा ओतला, फुंकला, फुर्रकन ओढला. थेंब सांडला नाही. मग रिकामी बशी पालथी करून पाहिली.

"फुलं खाली कशाला गेली गं?"

"वर चहाला जागा लागते, आत्याबाई."

"बराबर," त्या म्हणाल्या आणि लेकाला हाक मारली, "अरे, पोती माझ्या पलंगाखाली टाक."

त्या हिवाळ्यात घरात उंदीर झाले. आत्याबाईंच्या मते ते माझ्या फुलांमुळे आले होते. येईल त्याला हे त्या सांगायच्या, त्याच बशीतून चहा पिता पिता.