सहाच्या बातम्या

मंठ्याच्या आमच्या केबल चॅनलला कुणी डबडं म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. डबडंच होतं, मान्य. पण ते मी म्हणेन, तुम्ही नाही! घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या आणि ते बंद पडलं, तोवर बातम्या मीच वाचल्या.

कापड दुकानाच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली, बाहेर डिश. आधी नुसत्या सिनेमाच्या कॅसेटी लावायचे. मग दुकानांच्या जाहिराती आल्या, लग्नांची शूटिंगं आली, आणि एके दिवशी मालकांना वाटलं, गावाच्या बातम्या का नकोत? मी मामाकडे राहून कॉलेज करत होते. एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही. मालकांनी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. मागे निळी चादर, समोर कॅमेरा, संध्याकाळी सहाला थेट वाचायचं. कॅसेट करून ठेवायची पद्धत नव्हती. वाचलं की गेलं.

बाबा अंकुशनगरला साखर कारखान्यात होते. त्यांच्या कानावर गेलंच. फोन आला, "येऊन बघतो एकदा. चारचौघांत शोभलं तर ठीक, न्हाई तर बंद. बिलकुल बंद."

त्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मामीची साडी दोनदा नेसले, दोनदा सोडली. बाबा एसटीनं आले, मामाच्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले आणि मी गच्चीकडे पळाले. सहाला पाच कमी असताना लाइट गेली. "जनरेटर लाव जल्दी!" मालक ओरडले. मामाच्या गल्लीची लाइन वेगळी, तिकडे असेल लाइट, अशी मी मनाची समजूत घातली आणि कॅमेऱ्यासमोर बसले.

पाणीपुरवठ्याच्या बातमीत अडखळले. बाजार समितीच्या बातमीत तर ओळच सापडेना. कागद नुसते खालीवर करत राहिले. गेलं, संपलं सगळं! स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

घरी आले तर बाबा चपला घालत होते. शेवटची गाडी गाठायची होती. मी मान खाली घालून उभी.

"बराबर वाचलंस," ते म्हणाले. "एक बी चूक न्हाई. वाचत जा."

आणि गेले. मला नाचावंसं वाटत होतं, पण आतून चैनही पडेना. शेवटी मामाला धरलं. "मामा, मी दोनदा चुकले रे! बाबांना कळलं कसं नाही?"

"कळंल कसं? तू गेलीस अन् लाइट गेल्ती. आत्ता आली. मी म्हणलं, दाजी, उठा आता, चहा घ्या. तर मलाच दटावलं. म्हणले, गप बस, पोरगी वाचून राह्यली."