दिराच्या पसंतीची पुस्तकं

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मला वाचनाचं वेड होतं आणि वाचनालयात जायची बंदी होती. "तितं गडीमाणसं पेपर वाचत बसल्याली असत्यात. सुनंचं काय काम?" असं सासऱ्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. मग पुस्तक आणायचं काम दिराकडं गेलं. हा गुळाच्या अडतीवर कामाला. हिशेबापलीकडं त्यानं आयुष्यात काही वाचलं नव्हतं. पुस्तक तो जाडीवरनं निवडायचा. "वैनी, वर्गणी तेवढीच पडती की. मग बारीक कशाला आणायचं?"

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी काय काय गिळलं, माझं मला ठाऊक! एका कादंबरीतली नायिका दुसऱ्या प्रकरणात खोकायला लागली, ती शेवटपर्यंत खोकतच होती. पहिल्या दिवशी मला दया आली. पुढं वाटायला लागलं, मर की गं बाई एकदाची! मग विलायतेचं एक प्रवासवर्णन आलं. लेखक महाशय साता समुद्रापार जाऊन आले आणि सांगितलं काय, तर तिथला चहा पुळचट असतो. अरे मेल्या, डोळे काय घरी ठेवून गेला होतास? मी गगनबावड्याचा घाटसुद्धा उतरले नव्हते, म्हणून जास्तच संताप व्हायचा. म्हशींच्या रोगांवरचं पुस्तक मात्र बरं निघालं. त्या लेखकाला निदान म्हशींची माया होती.

सगळ्यात वाईट होतं संसार कसा करावा ते सांगणारं. लिहिणारा अर्थातच पुरुष. नवरा दमून आला की बायकोनं हसतमुखानं सामोरं जावं म्हणे! ओल्या लाकडांच्या चुलीपुढं बस आणि मग हसून दाखव, म्हटलं. भिरकावलं ते जात्यापाशी जाऊन पडलं. नवऱ्यानं गुपचूप उचललं आणि म्हणाला, "वाचनालयाचं हाय, फाटंल."

पुस्तक माझं मला निवडू द्या, असं सासऱ्यांना सांगून पाहिलं. "येतंय की घरात पुस्तक. वाचाय मिळाल्याशी मतलब." हेच मला झोंबायचं. बाजारात वांगं घेतानासुद्धा बाई चार वांगी दाबून बघते. आणि माझ्या डोक्यात काय जाणार ते भलत्यानंच ठरवायचं?

एका दुपारी दीर तीच खोकणारी बाई परत घेऊन आला.

"भावजी, हे वाचलंय मी."

"व्हय? असूंदे की. इसरला असाल आता."

माझं डोकंच फिरलं. पुस्तक हिसकावलं, पायात चपला घातल्या आणि तडक वाचनालय गाठलं. पेपरांच्या वरनं सगळी डोकी बाहेर आली. येऊ देत! टेबलामागच्या माणसानं विचारलं, "कुठलं पाहिजे? नाव सांगा."

नाव? मला कुणी आजवर विचारलंच नव्हतं, मग नाव कुठनं येणार? रडू आलं, ते रागानंच गिळलं.

"कपाट उघडा. मी बघणार."

तो कुरकुरला, पण उघडलं. एकेक पुस्तक काढायचं, पहिलं पान वाचायचं, ठेवून द्यायचं. दिवेलागणीला तो कुलूप वाजवायला लागला तेव्हा बाहेर पडले.

सासरे दारातच उभे होते. "कुटं गेलतीस?"

"वाचनालयात."

त्यांनी माझे हात बघितले. "मग पुस्तक कुटं हाय?"

"एकही पसंत पडलं नाही, मामंजी," मी म्हणाले. "उद्या परत जाणार आहे."