साहेबांचा डावा गुडघा

लढाईवरून परतल्यावर मी साताऱ्यात मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर झालो. तिथं अमेरिकेहून आलेले एक साहेब बास्केटबॉल शिकवायचे. आपल्या देशात ते पगार घेऊन खेळलेले, पेपरात फोटो आलेले. खेळायचा पगार मिळतो, हीच मला आधी थाप वाटली. पण लोहाराकडून करून आणलेल्या कड्यात ते मैदानाच्या पार टोकावरून चेंडू टाकायचे आणि कड्याला स्पर्शही व्हायचा नाही. मग मला पटलं.

बाजारच्या दिवशी बायाबापड्या भाजी तशीच टाकून त्यांना बघायला कुंपणाशी यायच्या. एका म्हातारीने विचारलं, "आवं, आईनं काय खाऊ घातलं तुमास्नी?" पलटणीत शिकलेल्या इंग्रजीत मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मका.

"मग आमच्या जुंधळ्यातच खोट हाय," म्हातारी म्हणाली.

त्यांचा डावा गुडघा तेवढा अधू होता. त्यापायीच तिकडचा खेळ सुटला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा मुरगळला तर जन्माची काठी. पोरांना चार पावलं पळून दाखवायचं, एवढंच हाती उरलं होतं आणि त्यातही हा माणूस खूश असायचा. मला त्यांचं फार कौतुक वाटे.

औंधच्या जत्रेतल्या कुस्त्यांना पंचांनी त्यांना मानाने बोलावलं. फेटा बांधला, नारळ दिला. मग विड्याचं ताट समोरून आलं. मला वाटलं, हाही मानाचाच. म्हणालो, "घ्या साहेब." त्यांनी विडा उचलला आणि मैदानात एकच गलका उठला. ताट वडूजकडच्या एका पैलवानाने फिरवलं होतं. त्याच्याशी लढायची तयारी असेल त्याने विडा उचलायचा. साऱ्या जत्रा पालथ्या घातलेल्या माझ्यासारख्याला एवढं कळू नये? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी. मी पंचांना सांगतो," मी म्हणालो. साहेब तोवर बूट सोडत होते.

"एवढी माणसं उठून उभी राहिलीत," ते म्हणाले. "आता मागं फिरायचं नाही."

मी धावत पैलवानाला गाठलं. "गड्या, त्यांचा डावा गुडघा अधू हाय."

"व्हय," एवढंच तो बोलला.

कुस्ती कसली, मिनिटभराचा मामला. पैलवानाने उजवाच पाय धरला, साहेबांना उचललं आणि डाव्या पायाला धक्का न लागू देता, पाळण्यात मूल ठेवावं तसं मातीत पाठीवर ठेवलं. मग हात देऊन उठवलं. लोकांनी दोघांसाठीही फेटे उडवले.

साहेब माझ्याशेजारी येऊन बसले आणि रडायला लागले. आजूबाजूचे म्हणाले, हरल्याचं लागलं बिचाऱ्याला. मी विचारलं, गुडघा दुखतोय का?

"तुम्ही त्याला गुडघ्याचं सांगितलंत?"

"हो."

"आमच्याकडे ज्याला ज्याला हे कळलं," ते म्हणाले, "त्याने तिथंच मारलं."